'चाकोरी'चा ज्यादा अंक

रूलोंचं ठाणं, उत्तर प्लॅट नदी
२० जून १८५८

रुशाताई,

पत्ता वाचून कपाळाला आठ्या घातल्या असशील. हे ओरेगन नाही. ओरेगन इथून अजून दोन-अडीच महिन्यांच्या वाटेवर आहे, आणि मी तिकडे जात नाहीये. आधी सगळं वाच, मग रागाव.

नदीच्या उतारात माझ्या वॅगनीचा आस मोडला. आमच्या तांड्याच्या म्होरक्यानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "ऑरिन थेअर, ते लोखंडी धूड खाली टाक. नाहीतर तू खाली उतर."

मी उतरलो. बाबांच्या छापयंत्रासकट. चाळीस वॅगनी माझ्यासमोरून निघून गेल्या. कुणी टोपी हलवली, कुणी डोक्याशी बोट नेऊन 'सटकलाय' अशी खूण केली. मग मी काठावर छापयंत्रावर बसलो, आणि दोन दिवस बसूनच राहिलो.

तिसऱ्या दिवशी रूलोंनी येऊन विचारलं, "हे काय आहे? पीठ दळतं का?" रूलो म्हणजे इथल्या व्यापारी ठाण्याचं सर्वस्व. मी म्हटलं, "नाही, बातम्या दळतं." तर रूलोंनी मला ठाण्यामागची एक खोली दिली. पूर्वी तिथं कातडी ठेवत, त्यामुळे वास अजून आहे. आता आम्ही भागीदार. रूलो दमलेले बैल घेऊन ताजे देतात, पीठ, कॉफी, चाकं, दोर विकतात; मी वर्तमानपत्र छापतो. नाव ठेवलंय 'चाकोरी'. या वाटेवर वॅगनींच्या चाकांनी खडकातसुद्धा चऱ्या पाडल्यात, त्यावरून.

पाणी कुठं, गवत कुठं, कुठला उतार खोल झालाय, हे सगळं त्यात असतं. शेवटचं पान निरोपांचं. 'हायरम, आम्ही पुढं गेलो. निळी वॅगन. गाय मेली, बाकी सगळे ठीक.' ताई, लोक भाकरीच्या आधी हे पान मागतात. शाई मी काजळी आणि जवसाच्या तेलाची करतो. कागद मिळेल तो.

छापायच्या अक्षरांच्या खिळ्यांचा एक खण मात्र नदीत गेला. जमलं तर थोडे खिळे पाठव. सोबत पहिला अंक आहे.

तुझा,
ऑरिन

मॅरिएटा, ओहायो
९ ऑगस्ट १८५८

ऑरिन,

रागावले. झालं रागावून. आता ऐक.

ज्याला तो माणूस धूड म्हणाला, त्या यंत्रावर बाबांनी मला अकराव्या वर्षी अक्षरांची जुळणी शिकवली आणि तुला त्याच्याखाली पाळण्यात झोपवलं. तू त्याच्यासाठी वॅगनीतून उतरलास हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले. हे दुसऱ्या कुणाला सांगू नकोस.

तुझा अंक पाहिला. पहिल्याच पानावर सात चुका! 'नदी ओलांडताना बौल जपा.' बौल? इतक्या लांब, वाळवंटात छापलेला असला म्हणून काय झालं? शब्द तोच, आणि लाजही तीच.

खिळे पाठवले आहेत. मोजे विणून त्यांत भरले आहेत, म्हणजे वाटेत खुळखुळणार नाहीत आणि चोराला वाटेल म्हातारीचे मोजे आहेत. निम्म्या मोज्यांच्या टाचा लहान झाल्यात, ते मुद्दाम नाही.

तुझ्या रूलोसाहेबांसाठी एक बंडी विणली आहे, गडद निळ्या लोकरीची. असा भला गृहस्थ परक्या मुलुखात तुला भेटला, त्याची पाठ तरी उबेत राहो. बरोबर पाइपची तंबाखू आहे. त्यांचं वय काय? घरचं कुणी आहे का? तू त्यांच्याबद्दल पानभर लिहिलंस आणि काहीच सांगितलं नाहीस.

इकडे सगळं छान. आपला छापखाना अ‍ॅम्ब्रोज नीट चालवतो. चुलतभाऊ असला तरी सख्ख्यासारखा वागतो. गेल्या महिन्यात त्याचं लग्न झालं. माझी काळजी करू नकोस.

तुझी,
रुशा

रूलोंचं ठाणं
२ ऑक्टोबर १८५८

रुशाताई,

एक कबुली द्यायची आहे. सरळच देतो.

तुझं गाठोडं सगळ्यांसमोर उघडलं. मी मोठ्यानं वाचलं, "तुझ्या रूलोसाहेबांसाठी." तर रूलोसाहेब पिठाच्या पोत्यावर बसून इतक्या हसल्या, की पोतं फुटलं. हो, हसल्या. डेल्फिन रूलो. वय चौतीस, नवरा चार वर्षांपूर्वी तापानं गेला. बाप फ्रेंच व्यापारी, आई इथल्याच लकोटा जमातीची. तीन भाषांमध्ये बैलाचा सौदा करते आणि चौथीत शिव्या देते.

मी खोटं लिहिलं नव्हतं. 'रूलोंनी विचारलं', 'रूलोंनी दिली', सगळं खरं होतं. फक्त व्याकरणाच्या आडोशाला बसलो होतो.

बंडी तिनं तिथंच अंगात घातली आणि अजून काढलेली नाही. तंबाखू तिच्या मामांना दिली. ते नदीच्या खालच्या अंगाला तळ ठोकून असतात. त्यांनी विचारलं, "तुझी बहीण घोड्यांचा सौदा करते का?" मी म्हटलं, "नाही, खिळे जुळवते." ते म्हणाले, "वाईट झालं. तंबाखू ओळखणारी बाई घोडाही ओळखते."

आता तुझी पाळी. खिळ्यांच्या मोज्यांभोवती तू आपल्या छापखान्याचे जुने अंक गुंडाळले होतेस. मी एकेक उलगडून वाचला. जुलैच्या अंकात 'राज्यपाल'चा 'राजपाल्य' झालाय. शोकसंदेशात मेलेल्या माणसाचं नाव दोन प्रकारे. ताई, माझ्या 'बौला'वर पानभर झाडणारी तू! ते अंक तू जुळवलेले नाहीत. मग कुणी? आणि तेव्हा तू काय करत होतीस?

'सगळं छान' असं लिहू नकोस.

ऑरिन

मॅरिएटा
२८ नोव्हेंबर १८५८

ऑरिन,

मेल्या, तू एवढा बारीक वाचायला कधी लागलास?

ठीक आहे. अ‍ॅम्ब्रोजच्या बायकोला वाटतं, घरातल्या बाईचे हात काळे दिसले तर लोक काय म्हणतील. अ‍ॅम्ब्रोजला बायकोला वाटतं तेच वाटतं. त्यानं बोस्टनहून दोन जुळारी आणलेत, दोघं मिळून माझ्या निम्मं काम करतात. मला चादरींच्या कपाटाची किल्ली दिली आहे. तो म्हणाला, "रुशा, बत्तीस वर्षं खपलीस. आता आराम कर." इतक्या प्रेमानं म्हणाला, की मला भांडतासुद्धा आलं नाही. भांडायला समोरचा थोडा तरी वाईट लागतो.

त्यामुळे मी आराम करते. सकाळी चादरी मोजते. संध्याकाळी परत मोजते, मधल्या वेळात कमी झाल्या असल्या तर म्हणून. चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी बोटं आपोआप जुळणी करतात. परवा पाद्रीबुवांचं अख्खं प्रवचन मांडीवर उलटं जुळवलं.

आता डेल्फिनबाईंबद्दल. व्याकरण बाजूला ठेव आणि एका शब्दात उत्तर दे. हो की नाही?

आणि मला तिकडे बोलावशील तर ते मनातून काढून टाक. मी त्रेचाळीस वर्षांची आहे. मला घोड्यावर बसता येत नाही. मला ऊन लागतं. मला सापांची भीती वाटते.

रुशा

रूलोंचं ठाणं
३० जानेवारी १८५९

रुशाताई,

हो.

मे महिन्यात एक पाद्री या वाटेनं पश्चिमेला जाणार आहे. तो एक दिवस थांबेल. लग्न तेव्हा.

पुढचं डेल्फिन सांगतेय, मी फक्त लिहितोय. ती म्हणते, "जशी बोलते तशीच लिही, गोड करू नकोस."

'ताई, मला न बघता तू बंडी विणलीस आणि ती बसली. याचा अर्थ तुझी नजर चांगली आहे. तुझ्या भावाची नाही. त्यानं गेल्या अंकात माझ्या दुकानात ताजी अंगठी मिळते असं छापलं. अंडी म्हणायचं होतं. तीन माणसं अंगठ्या मागायला आली, त्यातल्या एकाला लग्न करायचं होतं, तो रडला. साप आहेत. ऊन आहे. घोड्याचं बघू. तू चादरी मोजतेस हे ऐकून मामांना फार वाईट वाटलं. ते म्हणाले, चांगला घोडा तबेल्यात बांधला तर तो लाकूड चावायला लागतो. तू लाकूड चावायच्या आत ये.'

मी यात एक शब्द घातलेला नाही.

ऑरिन

मॅरिएटा
१७ मार्च १८५९

ऑरिन आणि डेल्फिन,

पत्र आलं त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मी म्हटलं, "मी प्लॅट नदीवर जाते आहे."

अ‍ॅम्ब्रोज म्हणाला, "कुणाकडे? कशाला? तिथं आहे काय?"

मी म्हटलं, "छापखाना."

"अगं, पण छापखाना इथंही आहे!"

ऑरिन, हे बोलल्यावर तो स्वतःच लाल झाला. मग काटा खाली ठेवून म्हणाला, "काकांच्या वेळची जुळणीची पट्टी मी तुला द्यायला हवी होती. घेऊन जा." वाईट माणूस नाही तो. त्याच्या बायकोनं प्रवासासाठी फळांचा केक केला आहे, दगडासारखा. साप दिसला तर मारायला उपयोगी पडेल.

पुढच्या सोमवारी आगबोटीनं निघते. सेंट जोसेफपर्यंत बोट, तिथून टपालाची गाडी. मला घ्यायला येऊ नका. एकदा तरी मला एकटीनं कुठंतरी जायचं आहे.

रुशा

रूलोंचं ठाणं
२४ जून १८५९

ऑरिन,

सेंट जोसेफला उभ्या-उभ्या हे पत्र फोडू नकोस, बस. आणि आधी एवढं वाच: सगळी माणसं जिवंत आहेत. आता सांगते.

तू कागद आणायला गेलास त्याला तीन आठवडे झाले. गेल्या सोमवारी दुपारी ठाण्यावर पश्चिमेकडून, वाट सोडून माळावरून, एक माणूस चालत आला. तुमच्या लग्नाला मी इथं आले, तेव्हापासून पश्चिमेकडून चालत आलेलं कुणी पाहिलेलं नव्हतं. ओठ फुटलेले, टोपीत खोचलेलं टॅगार्टचं पत्रक. ते तुला माहीतच आहे: 'आडवाटेनं चला, तीन दिवस वाचवा, मध्यावर गोड्या पाण्याचा झरा.' वाटेच्या पलीकडच्या टोकाला टॅगार्टचं नवं दुकान आहे, म्हणून ही सगळी माया.

माणूस जर्मन, नाव हाउसर. डेल्फिननं त्याला घोटघोट पाणी पाजलं. मग तो बोलला. झरा आटला आहे. तळाशी जे उरलंय त्याच्या कडेनं पांढरं मीठ फुटलंय. बैल ते प्यायले आणि आडवे झाले. एकोणीस वॅगनी तिथं अडकल्यात, बायकामुलांसकट. त्यानं ते पाणी बाटलीत भरून आणलं होतं, कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणून.

डेल्फिननं लगेच मामांकडे माणूस धाडला. तासाभरात मामा आणि त्यांचे मुलगे पाण्याच्या कातडी पिशव्या घोड्यांवर लादून निघालेसुद्धा. जाताना मामा एवढंच म्हणाले, "यांना वाट दाखवायला कागद लागतो, पाणी द्यायला आम्ही लागतो."

पण खरी भीती वेगळीच होती. कॅप्टन लूमिसचा तांडा त्याच दिवशी सकाळी आपल्या दारावरून गेला होता. बासष्ट वॅगनी. रात्रीचा मुक्काम चार कोसांवरच्या फाट्यावर, आणि सकाळी ते आडवाटेला वळणार होते.

मी म्हटलं, "डेल्फिन, मी काय करू?"

"तुला येतं ते कर."

मी यंत्राकडे धावले आणि आठवलं, कागद नाही. कागद आणायला तर तू गेलास! गल्ल्याखाली टॅगार्टच्या पत्रकांचा गठ्ठा होता, वाटायला म्हणून त्याचा माणूस टाकून गेला होता. डेल्फिन त्यानं चूल पेटवत असे. मी एक उलटवलं. मागची बाजू कोरी! इतका चांगला कागद, ऑरिन, आपल्याला आजवर कधी मिळाला नाही.

जुळणी करताना एका ओळीपाशी हात थांबला. गेल्या सप्टेंबरात तूच छापलं होतंस की त्या झऱ्याचं पाणी गोड आहे. ते वगळावं का? कोण बघतंय? पण बाबांची पट्टी हातात होती. मी असं जुळवलं:

'ज्यादा अंक. टॅगार्टच्या आडवाटेचा झरा आटला आहे. उरलेलं पाणी विषारी. एकोणीस वॅगनी अडकल्या आहेत. हे पाणी गोड असल्याचं आम्ही सप्टेंबरात छापलं होतं. तेव्हा ते खरं होतं, आज नाही. नदीकाठानंच जा. जेरुशा थेअर, रूलोंचं ठाणं.'

शंभर प्रती. सूर्य अजून दोन हात वर होता.

मला घोड्यावर बसता येत नाही हे मी कळवलं होतं. बसता येत नाहीच. पण डेल्फिनच्या पाठीला दोरानं बांधता येतं. चार कोस!

फाट्यावर टॅगार्टचा माणूस हजर होता. त्यानं आमचा ज्यादा अंक बघितला आणि खिशातून तुझा सप्टेंबरचा अंक काढून लोकांसमोर नाचवला. "बघा, बघा! यांच्याच पेपरात छापलंय, पाणी गोड! कोणता अंक खरा, बाई?"

लूमिस दाढी खाजवत म्हणाला, "प्रश्न बरोबर आहे, बाई."

आयुष्यभर मी दुसऱ्यांचे शब्द जुळवलेत, ऑरिन. चारशे माणसांपुढे स्वतःचे कधी बोलले नव्हते. पण त्या गर्दीत एक बाई तान्हं पोर खांद्यावर घेऊन माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघून बोलले.

"दोन्ही आमचेच. पाणी बदललं, म्हणून आम्ही शब्द बदलला. कागद उलटा करून बघा. त्या बाजूला कुणाची सही आहे? कुणाचीच नाही. या बाजूला माझं नाव आहे, ठिकाण आहे. मी खोटं बोलत असेन तर परत येऊन मला कुठं धरायचं, ते तुम्हाला ठाऊक आहे."

टॅगार्टचा माणूस हसला. "रूलोबाईला गिऱ्हाईक हवंय, बस्स."

"यांनी माझ्याकडून घ्यायचं ते सकाळीच घेतलंय," डेल्फिन म्हणाली. "आता हे पुढं गेले काय नि परत आले काय, मला काय?" आणि तिनं हाउसरची बाटली बूच काढून त्याच्यासमोर धरली. "तुझ्या झऱ्याचं पाणी आहे. गोड आहे ना? पी."

त्यानं बाटलीकडे बघितलं. वास घेतला. बाटली काही हातात घेतली नाही.

तान्ह्या पोराची आई नवऱ्याला म्हणाली, "जोडा बैल. आपण नदीकाठानं जायचंय." नवरा लूमिसकडे बघायला लागला, तर ती म्हणाली, "त्याच्याकडे काय बघतोस? पोर त्याचं आहे का?" सगळे हसले. लूमिससुद्धा. मग त्यानं हात वर केला आणि नदीकडे वळवला. बासष्टच्या बासष्ट वॅगनी, ऑरिन.

गुरुवारी मामा परतले. मागून एकोणीस वॅगनी, रिकामी भांडी बडवत. अकरा बैल गेले. माणूस एकही नाही. हाउसरची बायको वॅगनीतून उतरली, धावत गेली आणि आधी त्याला एक ठेवून दिली, एकट्यानं चालत गेला म्हणून. मग मिठी मारली.

काल इथं नाच झाला. एकजण व्हायोलिन वाजवत होता, दुसरा तवा. मामांनी मला नाचायला बोलावलं. मी नाही म्हटलं. मग चार वेळा नाचले.

रुशा

सेंट जोसेफ
१२ जुलै १८५९

रुशाताई,

बसलो नाही, उभ्यानंच वाचलं, आणि मग एका परक्या छापखान्याच्या पायरीवर बसावं लागलं. आतून मालक आला, "काय झालं, कुणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही हो, कुणीच गेलं नाही!" आणि पत्र त्याच्या हातात दिलं. त्यानं ते तिथंच आपल्या जुळाऱ्यांना वाचून दाखवलं. बाटलीपाशी आल्यावर त्यांनी टेबलं बडवली.

सप्टेंबरची ओळ तू लपवली नाहीस. मी लपवली असती, ताई. खरंच सांगतो.

दोन वॅगनी भरून कागद घेतलाय. आणि 'चाकोरी'च्या मथळ्याचा नवा ठसा लाकडात कोरून घेतलाय. त्यावर 'संपादक: जेरुशा थेअर' असं आहे. मी खाली बारीक अक्षरात: 'मालवाहतूक आणि बैल.' नाही म्हणू नकोस, कोरून झालाय.

मात्र एक खरं सांग. तुला मॅरिएटाची आठवण येते का? माझ्यासाठी म्हणून तिथं राहात असशील तर मला ते नको आहे.

ऑरिन

रूलोंचं ठाणं
५ ऑगस्ट १८५९

ऑरिन,

हे पत्र पूर्वेकडे जाणाऱ्या टपालाच्या गाडीवाल्याकडे देते आहे. वाटेत तू दिसलास की तो तुझ्या डोक्यावर फेकेल.

ठसा मान्य. पण त्यातल्या 'मालवाहतूक'चं शुद्धलेखन तू आल्यावर मी तपासणार.

डेल्फिन बरी आहे. सकाळी तिला मळमळतं आणि ती बैलांना दोष देते. तू आल्यावर ती सांगेल, तेव्हा नवल वाटल्यासारखा चेहरा कर.

तुझ्या प्रश्नाबद्दल. आठवण येते. नदीवरच्या धुक्याची येते, शेजारच्या सफरचंदांची येते. चादरींची नाही.

काल मोसमातला बहुधा शेवटचा तांडा आला. मी दारात शाईचे हात पुसत उभी होते. एक म्हातारी वॅगनीवरून उतरली, कंबर धरून, धुळीनं पांढरी झालेली. इथं सगळे एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात तोच तिनं मला विचारला, "तुम्ही कुठवर जाणार, बाई?"

मी काही ठरवून बोलले नाही. तोंडातून आपोआप निघालं.

"मी पोचले."

ती माझ्याकडे बघून हसली. "सुखी आहात," म्हणाली. मग तिनं अंक मागितला, आणि मी तिला पहिली, ताजी, ओली प्रत दिली.

लवकर ये.

रुशा